वावर विकू नका, आधी फॉर्म भरा

पत्र यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातून आलं आहे. नाव-गाव गाळून, थोडं आटोपशीर करून देते.

"ताई, आमच्याकडे साडेचार एकर कोरडवाहू आहे. बाबा गेल्यापासून मीच पाहतो. धाकटा भाऊ अकरावी सायन्सला आहे, हुशार आहे, म्हणून त्याला आम्ही वावरात येऊ देत नाही. कर्जाचं वगैरेही त्याच्यासमोर बोलत नाही. दिवाळीत त्यानं मोबाईलवर नौदलप्रमुखांचं भाषण पाहिलं. तेव्हापासून एकच, मला ॲडमिरल व्हायचं. एका अकॅडमीचा माणूस घरी येऊन गेला, दोन वर्षांचे साडेतीन लाख म्हणतो. रस्त्यालगतचा एक एकर काढला तर जमते. आई म्हणते, आपल्या घरातल्या कोणी समुद्र पाहिला नाही, पोरगं तिकडे काय करीन? शेजारचे म्हणतात, अग्निवीर दे, चार वर्षांत पैसे घेऊन येईन. ॲडमिरल म्हणजे नेमकं काय, किती वर्षांनी होतात, अन् आमच्यासारख्याच्या घरचं पोरगं होऊ शकते का? वावर काढू का?"

भाऊ,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण गिऱ्हाईक दारात उभं असेल तर पुढचं वाचायला तुम्हाला वेळ नसेल. वावर विकू नका. ज्या वाटेनं तुमच्या भावाला जायचं आहे, तिथला पहिला दरवाजा शंभर रुपयांत उघडतो. तो म्हणजे एनडीए, पुण्याजवळ खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, जिथे बारावीनंतर तिन्ही दलांचे अधिकारी घडवतात. तिच्या परीक्षेच्या अर्जाची फी 100 रुपये आहे, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना आणि सगळ्या मुलींना तीही नाही. निवड झाली की खडकवासल्याची तीन वर्षं राहणं, जेवण, कपडे, पुस्तकं, दवाखाना सरकारचं. दाखल होताना काही रक्कम भरावी लागते आणि हातखर्चाला थोडे पैसे घरून लागतात. त्यातही कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना मदत मिळते. साडेतीन लाख कुठे मागितले जात असतील, तर ते या दरवाज्याच्या अलीकडे.

सगळ्याच अकॅडम्या वाईट असतात असं मी म्हणत नाही. पण गणिताचा पेपर अकरावी-बारावीच्या पुस्तकाच्या बाहेर फारसा जात नाही, आणि मागच्या वर्षांचे पेपर ही परीक्षा घेणाऱ्या यूपीएससीच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. तालुक्याच्या अभ्यासिकेत बसून, रोज एक पेपर घड्याळ लावून सोडवून हे होतं. गणित 300 गुणांचं, अडीच तासांत 120 प्रश्न. सामान्य क्षमतेचा पेपर 600 गुणांचा, त्यात 200 एकट्या इंग्रजीचे. चुकीच्या उत्तराला गुण कापतात, म्हणून ठोकून द्यायची सवय आत्ताच मोडा. परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि केंद्र नागपूरला असतं.

आता एक गोष्ट आज संध्याकाळीच विचारा. भावानं ग्रुप कोणता घेतला आहे? आपल्याकडे 'सायन्स' म्हटलं की निम्मी पोरं बायोलॉजी घेऊन गणित सोडून मोकळी होतात, कारण गावात सगळे डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेचंच बोलत असतात. नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतंच. गणित सोडलं असेल तर कॉलेजात जाऊन प्राचार्यांना भेटा. अकरावीत ते दुरुस्त होऊ शकतं. बारावीच्या फेब्रुवारीत कळलं तर कोणाच्याच हातात काही राहत नाही.

ॲडमिरल म्हणजे काय, हे तुम्ही विचारलंत ते बरं केलं. बहुतेक जण विचारतच नाहीत, थेट स्वप्न पाहायला लागतात. नौदलाचा अधिकारी सब लेफ्टनंट म्हणून सुरुवात करतो. मग लेफ्टनंट, लेफ्टनंट कमांडर, कमांडर, कॅप्टन, कमोडोर, रिअर ॲडमिरल, व्हाइस ॲडमिरल आणि सगळ्यात वर ॲडमिरल. सगळ्या नौदलात ॲडमिरल हुद्द्याचा माणूस एका वेळी साधारणपणे एकच असतो, तो म्हणजे नौदलप्रमुख. कमांडरपर्यंतच्या बढत्या ठरलेल्या वर्षांनी मिळत जातात, तिथे पोचायला साधारण तेरा वर्षं लागतात. त्यानंतर प्रत्येक पायरीला निवड मंडळ बसतं, वर्षावर्षाचे गोपनीय अहवाल पाहतं, समुद्रावर किती काळ काढला आणि जहाज कसं चालवलं ते पाहतं. तिथून जागा झपाट्यानं कमी होत जातात.

आईंचा प्रश्न समुद्राचा आहे. त्यांना ॲडमिरल दिनेश त्रिपाठींबद्दल सांगा. ते 30 एप्रिल 2024 रोजी नौदलप्रमुख झाले. गाव मध्य प्रदेशातल्या सतना जिल्ह्यातलं, शिक्षण रीव्याच्या सैनिक शाळेत. नकाशा काढून पाहा, सतना-रीव्याहून समुद्र दारव्ह्यापेक्षाही लांब आहे. त्याच शाळेत त्याच वर्गात उपेंद्र द्विवेदी होते, ते 2024 मध्येच लष्करप्रमुख झाले. समुद्रापासून इतक्या लांबच्या एका शाळेच्या एका वर्गातून देशाच्या दोन दलांचे प्रमुख निघाले. दोघांपैकी कोणालाही पाचवी-सहावीत कोणी हे सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

पण त्यांची मधली वर्षं मोजा, कारण तुमच्या भावानं मोबाईलवर फक्त शेवटचा दिवस पाहिला आहे. त्रिपाठी 1 जुलै 1985 ला नौदलात अधिकारी झाले. प्रमुख व्हायला जवळपास एकोणचाळीस वर्षं लागली. विषय संदेशवहन आणि इलेक्ट्रॉनिक युद्धतंत्राचा, म्हणजे आघाडीच्या जहाजांवर सिग्नल सांभाळणारे अधिकारी म्हणून त्यांनी वर्षं काढली. 'आयएनएस मुंबई'वर ते कार्यकारी अधिकारी होते, म्हणजे जहाजाच्या कप्तानाच्या खालोखालचे. स्वतःच्या हुकमतीत पहिल्यांदा आली ती 'विनाश', पाचशे टनांच्या आतली छोटी क्षेपणास्त्र नौका. मग 'किर्च', चौदाशे टनांच्या आसपासची. मग 'त्रिशूल', चार हजार टनांच्या घरातली मोठी युद्धनौका. जहाज असं टनाटनानं वाढत जातं, आणि प्रत्येकावर शेकडो गोष्टी निस्तराव्या लागतात ज्यांची बातमी कधी होत नाही. मधे तमिळनाडूतल्या वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात परत विद्यार्थी होऊन बसणं. मग पश्चिम ताफ्याचं नेतृत्व, एळिमलाच्या नौदल अकादमीचं प्रमुखपद, मुंबईतली पश्चिम नौदल कमांड, उपप्रमुख, आणि मग ते भाषण जे तुमच्या घरात मोबाईलवर वाजलं.

आपल्या महाराष्ट्राशी नातं असलेली माणसंही या रांगेत आहेत. ॲडमिरल जयंत नाडकर्णी 1987 ते 1990 नौदलप्रमुख होते, त्यांच्याच काळात 1988 मध्ये मालदीवच्या मदतीला आपलं सैन्य आणि जहाजं धावली. आणि मला स्वतःला ज्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त ओढ वाटते ते व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी. 1971 च्या युद्धात बंगालच्या उपसागरात 'कामोर्टा' या जहाजाचे ते कप्तान होते, वीरचक्र मिळालं, पुढे पश्चिम कमांडचे प्रमुख झाले. निवृत्तीनंतर मुंबई-दिल्लीत न राहता फलटण तालुक्यातल्या विंचुर्णी या दुष्काळी भागातल्या गावात जाऊन राहिले. तिथे बसून त्यांनी एक गोष्ट तडीस नेली, भारतीय माणसानं शिडाच्या होडीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करायची. कमांडर दिलीप दोंदे यांनी ती 2010 मध्ये 'म्हादेई' होडीतून पूर्ण केली. आवटी ॲडमिरलच्या शेवटच्या हुद्द्यावर पोचले नाहीत, एक पायरी खाली थांबले. त्यांचं आयुष्य कुठे कमी पडलं, असं कोणी दाखवून द्यावं.

हे मी मुद्दाम लिहिते आहे. एका वर्षीच्या तुकडीतले बहुतेक अधिकारी कमांडर किंवा कॅप्टनवर थांबतात. ते नापास झालेले नसतात. म्हणून भावाला सांगताना 'ॲडमिरल हो' असं सांगू नका. त्याला विचारा, कमांडर म्हणून निवृत्त झालास तरी ही नोकरी तुला हवी आहे का? उत्तर 'हो' असेल तर वाट बरोबर आहे. उत्तर द्यायला तो अडखळला, तर त्याला हुद्दा आवडला आहे, काम नाही, आणि काम वर्षानुवर्षं करायचं असतं.

काम कसं असतं तेही सांगते. खडकवासल्यात तीन वर्षं, तिथे धरणाच्याच पाण्यात नौकानयनाचे पहिले धडे. मग केरळात कण्णूर जिल्ह्यात एळिमलाच्या अकादमीत एक वर्ष, मग प्रशिक्षणाच्या जहाजांवर. समुद्रावर काही महिने झाले की तोंडी परीक्षा घेऊन वॉचकीपिंगचं, म्हणजे पाळीवर जहाज सांभाळण्याचं, प्रमाणपत्र देतात. त्यानंतर मध्यरात्री कॅप्टन झोपलेला असताना जहाज त्या तेवीस-चोवीस वर्षांच्या पोराच्या ताब्यात असतं. समोरून दिवे येतात. जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा. त्या दोन रंगांवरून समोरचं जहाज येतं आहे की जातं आहे, कोणत्या बाजूला वळतं आहे, हे त्यानं ओळखायचं आणि आपलं जहाज वळवायचं. म्हणूनच या शाखेत रंगांधळेपणा चालत नाही. अशी पोरं आहेत जी दोन-दोन वर्षं अभ्यास करतात, मुलाखतही पार करतात, आणि मेडिकलला त्यांना पहिल्यांदा कळतं की आपल्याला लाल-हिरवा नीट दिसत नाही. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात डोळ्यांची आणि रंगांची तपासणी करून घ्या, ती याच महिन्यात. पायाचे तळवे सपाट आहेत का, कानाचा जुना त्रास आहे का, तेही दाखवा. आणि गोंदवून घेऊ नको म्हणा.

पोहता येत नसेल तर घाबरू नका, तिथे शिकवतात. आधी शिकायचंच असेल तर जाणत्या माणसाबरोबर शिकावं, विहिरीत एकट्यानं अजिबात नाही.

आईंना आणखी एक सांगावं लागेल. जहाज बंदरातून निघालं की कित्येक दिवस फोन लागत नाही. लग्नकार्य, दुखणं, पोळा, दिवाळी, यातल्या कितीतरी वेळा तो नसेल. आणि धोका खरा असतो. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीनं 'खुकरी' बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून निघाले नाहीत, जहाजाबरोबर गेले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. जहाजाच्या कप्तानाचा मान कशाचा असतो ते या एका रात्रीवरून कळतं. हे आईंपासून लपवून पोराला पाठवू नये, असं माझं मत आहे. आईनं सगळं ऐकून होकार दिला तर तो होकार टिकतो.

अग्निवीरबद्दल शेजारी जे म्हणतात ते टाकाऊ नाही, पण ती वेगळी वाट आहे. अग्निवीर चार वर्षांसाठी भरती होतो, नौदलात त्याचं प्रशिक्षण ओडिशात 'आयएनएस चिल्का'ला होतं. चार वर्षांनी जास्तीत जास्त पंचवीस टक्के मुलांना पुढे ठेवतात. बाकीच्यांना व्याजासह साधारण 11.71 लाख रुपये सेवानिधी मिळतो आणि ते परत येतात. कामात कमीपणा काही नाही, जहाज नौसैनिकांवरच चालतं, आणि कायम झालेल्या नौसैनिकाला पुढे अधिकारी होण्याची संधीही असते. पण नौदलाच्या सगळ्यात वरच्या हुद्द्यांची वाट सहसा तिथून जात नाही, कारण वय निघून गेलेलं असतं. आणि वयाचाच हिशेब तुमच्या बाजूनं आहे. एनडीएला साडेसोळा ते साडेएकोणीस हे वय लागतं, नौदलाच्या अग्निवीरला साडेसतरा ते साधारण एकवीस. म्हणजे आधी एनडीएचे जितके प्रयत्न बसतात तितके देऊन झाले, तरी अग्निवीरचा दरवाजा उघडाच राहतो. उलट केलं तर एनडीएचा बंद होतो. शेजाऱ्यांशी वाद घालू नका, हा क्रम तेवढा सांभाळा.

इंजिनीअरिंगच्या प्रवेशाच्या जेईई मेन परीक्षेचाही अभ्यास त्याच गणितावर होतो. नौदल त्या गुणक्रमावरून बारावी झालेल्या मुलांना मुलाखतीला बोलावतं आणि थेट एळिमलाला चार वर्षांच्या बी.टेक.ला घेतं. भौतिक, रसायन, गणितात मिळून 70 टक्के आणि इंग्रजीत 50 टक्के लागतात. खर्च तिथेही सरकारचा. म्हणजे एका अभ्यासात दोन दरवाजे. एनडीएतून नौदलाला एका वेळी चाळीसच्या आसपास जागा असतात आणि अर्ज लाखांत येतात, त्यामुळे दुसरा दरवाजा हवाच. दोन्हीकडे नाही झालं तर इंजिनीअरिंग किंवा पदवीनंतरचेही प्रवेश आहेत. पहिल्या वेळी निवड झाली नाही म्हणून पोरगं खचू देऊ नका. पुष्कळ अधिकारी दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला लागलेले असतात.

आता तुमच्या पत्रातलं जे वाक्य मला टोचलं त्याकडे येते. "त्याला आम्ही वावरात येऊ देत नाही, कर्जाचं त्याच्यासमोर बोलत नाही."

लेखी परीक्षा पार झाली की एसएसबीची, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाची, मुलाखत होते, पाच दिवसांची. गुण 900, लेखीइतकेच. पहिल्यांदा गेल्यास रेल्वेचं भाडंही देतात. तिथे चित्र दाखवून गोष्ट लिहायला लावतात, एकेका शब्दावर मनात काय आलं ते लिहायला लावतात, दहाबारा अनोळखी पोरांबरोबर दोर-फळ्या घेऊन अडथळे पार करायला लावतात. आणि एक अधिकारी समोर बसवून घरचं विचारतो. घरी कोण कोण? शेती किती? यंदा काय पेरलं? काय भाव मिळाला? घर कोण चालवतं, आणि तू त्याला काय मदत करतोस?

तुमचा भाऊ काय सांगेल? त्याला पऱ्हाटी किती एकरांत आहे ते माहीत असेल. बोंडअळीनं यंदा किती नेलं, वेचणीला मजूर मिळाले नाहीत तेव्हा तुम्ही काय केलं, कापूस व्यापाऱ्याला का दिला आणि खरेदी केंद्रावर का नेला नाही, सोसायटीचे किती राहिले, हे त्याला माहीत नसेल, कारण तुम्ही ते त्याच्यापासून दूर ठेवलंत. प्रेमानं ठेवलंत, मला कळतं. पण समोरचा अधिकारी माणूस शोधत असतो, ज्याच्या हाती उद्या जहाज आणि त्यावरची माणसं द्यायची आहेत. स्वतःच्या घराचा भार ज्यानं कधी उचललाच नाही त्याला तो कसा ओळखणार? ज्या गोष्टीसाठी शहरातली पोरं शिबिरांना पैसे भरतात, ती तुमच्या धुऱ्यावर पडलेली आहे.

म्हणून, त्याला वावरात न्या. रोज नको, अभ्यास मोडायचा नाही. रविवारी न्या. हिशेबाची वही त्याच्या हातात द्या आणि वर्षभर तीच त्याला लिहू द्या. बँकेत, सोसायटीत, बाजार समितीत सोबत न्या, बोलू द्या. रात्री तीन फेजची लाइन येते तेव्हा मोटर सुरू करायला आळीपाळीनं त्याला उठवा. मजुरांचे पैसे त्याला वाटू द्या. आणि हे सगळं त्यानं आठवड्यातून एकदा इंग्रजीत तुम्हाला किंवा आरशाला सांगायचं. मराठी शाळेतून आलेल्या आपल्या पोरांची खरी अडचण गणितात नसते, तोंडातून इंग्रजी वाक्य निघत नाही ही असते. मोठं इंग्रजी नको. "आमची तूर अतिवृष्टीत गेली आणि मी असं केलं" एवढं न घाबरता सांगता आलं तरी खूप झालं. रोज वर्तमानपत्राची अर्धी बातमी मोठ्यानं वाचायची, घरात कोणी हसलं तरी वाचायची.

वावर विकायचं की नाही, या चर्चेतही त्याला बसवा. माझं उत्तर त्याला वाचायला द्या आणि त्याचं मत विचारा. 'विका' म्हणाला तर कारण विचारा, 'नको' म्हणाला तर तयारी कशी करणार ते विचारा. नौदलात पहिला पगार येईल तेव्हा सातव्या वेतन आयोगाच्या दरानं मूळ वेतन 56,100 रुपये आणि वर 15,500 लष्करी सेवा वेतन असेल. त्यातून तुमचं कर्ज फिटेल की नाही हा हिशेब त्यालाच मांडू द्या. पण तो एकर गेला तर तुमच्या हाती काय राहील, हाही हिशेब त्यानंच मांडावा. तुम्ही पत्रात तुमचं शिक्षण कुठे सुटलं ते लिहिलं नाही. बाबा गेले तेव्हा तुम्ही किती वर्षांचे होता, तेही नाही. मी विचारत नाही. भावानं मात्र ते विचारलं पाहिजे.

इतर वाचकांसाठी थोडं. ज्यांची मुलं अजून लहान आहेत त्यांनी चंद्रपूरची सैनिक शाळा पाहून ठेवा. ती 2019 पासून सुरू आहे, सहावी आणि नववीत प्रवेश असतो, मुलींनाही घेतात. दहावीनंतर राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगरला आहे, मुलींसाठी नाशिकला. दोन्हीकडे प्रवेश परीक्षा असते. आणि 'मुलींचं काय' असं विचारणाऱ्यांसाठी, एनडीएत मुलींची पहिली तुकडी 2022 मध्ये दाखल झाली आणि मे 2025 मध्ये 17 जणी बाहेर पडल्या.

भाऊ, बारावीत गेल्यावर भावाला पहिला अर्ज भरता येईल. एनडीएची जाहिरात यूपीएससीच्या वेबसाइटवर वर्षातून दोनदा निघते, साधारण डिसेंबरात आणि मेच्या शेवटी. दहावीच्या सनदेवरचं नाव आणि जन्मतारीख आधारकार्डाशी जुळते का ते आत्ताच पाहा, नाहीतर शेवटच्या आठवड्यात सेतू केंद्रावर चकरा होतात. गिऱ्हाइकाला नकार कळवा. डोळ्यांच्या तपासणीत काय निघालं आणि ग्रुप कोणता आहे, ते मला लिहून पाठवा, म्हणजे पुढच्या पत्रात अभ्यासाचं वेळापत्रक त्यालाच उद्देशून लिहीन.

तुमची,
ताई